पेन्शनवर येण्याआधी जुन्या दुखण्याचं मेडिकल बोर्ड: कागद कसे उभे करायचे

कंबर, मान, गुडघा किंवा खांदा कित्येक वर्षं दुखतोय, फौजेतून घरी यायला वर्ष-दीड वर्ष उरलंय आणि आजवर ब्रूफेनची गोळी घेऊन पी.टी.ला उभे राहत आलात, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. आधी युनिटच्या एम.आय. रूममध्ये, म्हणजे जवानांना तपासून औषध देतात त्या खोलीत, आणि शेवटची काही वर्षं एका मिलिटरी हॉस्पिटलात बोर्डाचे कागद लावायच्या कामावर. दुखणं खरं, माणूस खरा आणि फाइल मात्र कोरी, असे इतके जवान त्या टेबलासमोर पाहिले की हे एकदा नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं.

एक नायक आठवतो. १७ वर्षं सर्व्हिस, ड्रायव्हर. तपासणी झाल्यावर बूट घालताना त्याने खुर्ची ओढली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर ठेवला आणि मगच लेस बांधली. त्याच्या मेडिकल कागदांत कंबरेबद्दल एकच ओळ होती: ‘कंबरदुखी, तीन दिवस लाइट ड्युटी’. ती ओळही सहा वर्षांपूर्वीची, पीस स्टेशनची, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीची. दुखणं सुरू झालं होतं त्याच्याही तीन वर्षं आधी, लडाखच्या रस्त्यावर गाडी चालवत असताना. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या एका ओळीभोवती फिरतं.

कोणतं बोर्ड आणि ते काय ठरवतं

फौजेत तब्येतीची नोंद ‘शेप’मध्ये होते हे तुम्हाला माहीतच आहे. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शरीराची एकूण क्षमता आणि ई म्हणजे डोळे. प्रत्येकापुढे १ ते ५ आकडा. १ म्हणजे कुठेही, कोणत्याही ड्युटीला फिट. सगळीकडे १ असेल तर तुम्ही शेप-वन. एखाद्या घटकात आकडा वाढला की लो मेडिकल कॅटेगरी, आधी टेम्पररी, आणि फरक पडला नाही तर पर्मनंट. कॅटेगरी देण्याचं आणि पुन्हा तपासण्याचं बोर्ड ए.एफ.एम.एस.एफ.-१५ या फॉर्मवर होतं.

घरी येताना होतं ते रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे आर.एम.बी. त्याचा फॉर्म ए.एफ.एम.एस.एफ.-१६. कॅटेगरीत असलेल्या माणसाचं हे बोर्ड होतंच. शेप-वन माणसाची मात्र साधी रिलीज मेडिकल तपासणी होते, आणि तिथे ‘काही त्रास?’ या प्रश्नाला ‘नाही सर’ म्हटलं की विषय संपतो. वर्षानुवर्षं दुखणारी कंबर त्या दोन शब्दांत निरोगी होऊन घरी येते.

आर.एम.बी. दोन गोष्टी ठरवतं. पहिली, दुखणं सर्व्हिसमुळे झालं का, किंवा सर्व्हिसमुळे वाढलं का. दुसरी, ते किती टक्के. दोन्ही बाजू लागतात. टक्केवारी २० किंवा त्याहून जास्त आणि सर्व्हिसशी संबंध मान्य, तरच पेन्शनबरोबर दुखण्याचा भाग, म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट, मिळतो. ‘ना सर्व्हिसमुळे झालं, ना वाढलं’ असा शेरा पडला, ज्याला ऑफिसात सगळे ‘नाना’ म्हणतात, तर टक्केवारी कितीही असो, तो भाग मिळत नाही.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे हा भाग कुणाला मिळतो ते ठरवणारे नियम, लागू झाले आहेत. पूर्ण सर्व्हिस करून निवृत्त होणाऱ्यांच्या डिसॅबिलिटी एलिमेंटला त्यात इम्पेअरमेंट रिलीफ असं नाव आहे. म्हणून गावातल्या आधी रिटायर झालेल्या भावकीला किती मिळतं यावरून आपला हिशेब मांडू नका. त्यांचे नियम वेगळे होते. तुमच्या डिस्चार्जच्या तारखेला कोणते नियम लागतात ते हेड क्लार्ककडून किंवा रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी समजून घ्या. अग्निवीरांचा हिशेब आणखी वेगळा आहे. सर्व्हिसमुळे आलेल्या अपंगत्वासाठी १००, ७५ आणि ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये एकरकमी अशी ती रचना आहे. त्यांच्याकडे चारच वर्षं असतात, त्यामुळे त्यांनी पहिल्या दुखापतीपासूनच कागद सांभाळायला हवेत.

सुरुवात कुठे झाली, हा सगळ्यात मोठा प्रश्न

दुखापतीतून आलेलं दुखणं आणि हळूहळू आलेलं दुखणं, हे दोन वेगळे रस्ते आहेत.

पडलात, गाडी उलटली, ऑब्स्टॅकल कोर्सवर पाठ आपटली, तर त्या वेळी आय.ए.एफ.वाय.-२००६ हा इंजुरी रिपोर्ट भरला गेला पाहिजे. त्यात तुम्ही ड्युटीवर होता की नाही हे कमांडिंग ऑफिसर लिहितात. दुखापत मोठी असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीही होते. या कागदाची प्रत तुमच्याकडे नसेल तर आजच शोधा. युनिट बदललं असेल तर त्या वेळच्या युनिटला आणि रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. रिपोर्ट भरलाच नव्हता असं कळलं, तर त्या दिवसाची हॉस्पिटलची ॲडमिशन, डिस्चार्ज स्लिप, पार्ट-टू ऑर्डरमधली (जवानांच्या नोंदींचा युनिटचा आदेश) नोंद, जे मिळेल ते गोळा करा. ही पळापळ वर्दीत असताना आठवड्याची असते. घरी आल्यावर तिला वर्षं लागतात, कारण तेव्हा तुमच्या पत्राला युनिटमध्ये ओळखीचं कुणी उरलेलं नसतं.

दुसरा रस्ता जास्त अवघड, आणि आपल्यातल्या बहुतेकांचा तोच आहे. एक दिवस, एक अपघात असं काही नाही. उंचावर पाठीवर वजन घेऊन केलेली पेट्रोलिंग, थंडीत जमिनीवर काढलेल्या रात्री, खडबडीत रस्त्यावर हजारो किलोमीटर चालवलेली गाडी, तोफेचा दारूगोळा उचलणं. यातून मणक्याची चकती सरकते, सांधे झिजतात. अशा वेळी बोर्ड बघतं की पहिली नोंद कुठली आहे. फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या किंवा कठीण भागातल्या पोस्टिंगवर, दुखायला लागलं, तिथे सांगितलं नाही, दोन वर्षांनी पीस स्टेशनला आल्यावर पहिल्यांदा एम.आय. रूमला गेलात, तर कागदावर तुमच्या दुखण्याचा जन्म पीस स्टेशनला झालेला असतो. ‘सुरुवात पीसमध्ये, ड्युटीशी संबंध दिसत नाही’ हा शेरा मी कितीतरी फायलींवर पाहिला. शेरा लिहिणारा डॉक्टर वाईट नसतो. त्याच्यापुढे जे आहे त्यावरूनच तो लिहितो.

म्हणून उशीर झाला असला तरी एक काम करा. पुढच्या वेळी डॉक्टरसमोर जाल तेव्हा मागचा इतिहास सांगा आणि तो लिहून घेण्याची विनंती करा: ‘सर, हे दुखणं अमुक साली, अमुक ठिकाणी, अमुक ड्युटीवर सुरू झालं. तेव्हा रिपोर्ट केला नव्हता.’ केस शीटवर हिस्ट्री म्हणून हे उतरलं की निदान तुमचं म्हणणं बोर्डाच्या किती तरी आधीपासून कागदावर आहे हे दिसतं. पोस्टिंगची यादी साल, जागा आणि फील्ड की पीस अशी एका कागदावर काढा. शीट रोलशी, म्हणजे तुमच्या सर्व्हिसच्या अधिकृत नोंदीशी, ताडून बघा, तारखा चुकायला नकोत.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धर्मवीर सिंग यांच्या खटल्यातला निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती तो नंतर उद्भवला, तर तो सर्व्हिसमध्ये आला असं धरून चालायचं, ते सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही, आणि बोर्डाने ‘नाही’ म्हणायचं असेल तर कारणं द्यायची, असं त्या निकालात म्हटलं आहे. याचा अर्थ कागद नसले तरी चालतं असा घेऊ नका. त्याचा उपयोग अपिलात होतो. बोर्डाच्या खोलीत वाद घालायला तो नाही.

एम.आय. रूमला जाताना

सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी असल्याचं सांगून डॉक्टरकडे गेलं, की कामचोर म्हणतील ही भीती मी ओळखतो. कॅटेगरी लागली की प्रमोशन, कोर्स, दोन वर्षांचं एक्सटेन्शन, सगळीकडे अडचण येऊ शकते, ही भीतीही खोटी नाही. ज्याचं प्रमोशन तोंडावर आहे त्याने काय करावं हे मी बाहेरून सांगणार नाही, तो निर्णय त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा. पण ज्याच्या डिस्चार्जची तारीख ठरली आहे त्याच्याकडे गप्प राहायला आता काही कारण उरलेलं नाही. किमान वर्षभर आधी सुरुवात करा. तपासण्या, औषधांचा परिणाम बघणं, कॅटेगरी, तिचं रिव्ह्यू या सगळ्याला महिने जातात. शेवटच्या दोन महिन्यांत अचानक उगवलेलं दुखणं कुणालाही संशयास्पद वाटतं.

आता बोलण्याबद्दल. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. मुंग्या येणं, बधिर होणं, आग होणं, आखडणं, ओढ लागणं. पण डॉक्टरसमोर हिंदीत बोलताना हे सगळं ‘सर, कमर में दर्द है’ एवढ्यावर येतं आणि कागदावर एकच शब्द उतरतो. हा फरक किरकोळ नाही. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जाणारी कळ, मुंग्या, बधिरपणा, आग, ही नस दबल्याची लक्षणं असू शकतात, आणि तपासणीची दिशा त्यावरून बदलते. त्यामुळे जाण्याआधी हिंदी शब्द तयार ठेवा: मुंग्यांना झनझनाहट, बधिरला सुन्न, आग होण्याला जलन. पायात कुठून कुठपर्यंत ते बोटाने दाखवा.

एक छोटी वही करा. रोज चार ओळी पुरतात. किती वाजता, काय करताना, शून्य ते दहापैकी किती दुखलं, काय करता आलं नाही, कोणती गोळी घेतली आणि किती वेळ आराम पडला. ‘काय करता आलं नाही’ ही ओळ फार कामाची, कारण ‘दुखतं’पेक्षा ‘जमत नाही’ हे डॉक्टरला मोजता येतं. ‘खूप दुखतं’ असं लिहू नका. ‘वीस मिनिटं उभं राहिल्यावर डावा पाय जड होतो, बसावं लागतं’ असं लिहा. ‘रात्री कूस बदलताना जाग येते, आठवड्यात चार वेळा’ असं लिहा. त्या नायकाने खुर्चीवर पाय ठेवून बूट बांधलेला मी पाहिला, पण ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने ती सवय झाली होती. अशा सवयी शोधा, बायकोला विचारा, रूममेटला विचारा. तुम्ही कशाच्या आधाराने उठता, कुठली बादली आता उचलत नाही, हे त्यांना तुमच्याआधी दिसलेलं असतं.

आर.एम.ओ.ला, म्हणजे युनिटच्या डॉक्टरला, भेटून झाल्यावर काय लिहिलं ते विनयाने विचारा आणि तारीख स्वतःच्या वहीत टिपून ठेवा. बाहेर सुटीवर असताना खासगी डॉक्टरला दाखवलं असेल तर त्या चिठ्ठ्या, एम.आर.आय. वगैरेही युनिटच्या डॉक्टरला दाखवून नोंद करून घ्या. नुसत्या पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या बोर्डाला माहीत नसतात.

स्पेशालिस्ट आणि तपासण्या

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं जुनाट धरतात. त्यासाठी आर.एम.ओ.कडून रेफरल मागण्यात गैर काही नाही. कंबर-मानेसाठी ऑर्थोपेडिक, नसेचा संशय असेल तर न्यूरो, अंगभर दुखणं आणि थकवा असेल तर मेडिकल स्पेशालिस्ट किंवा ऱ्हुमॅटॉलॉजी. मोठ्या हॉस्पिटलांत, म्हणजे पुण्याचं कमांड हॉस्पिटल, मुंबईचं आय.एन.एच.एस. अश्विनी, दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल आर. अँड आर. अशा ठिकाणी जास्त विभाग एका छताखाली मिळतात. छोट्या एम.एच.मधून तिकडे पाठवणं नेहमीचंच आहे.

एम.आर.आय.बद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. चकती सरकलेली दिसूनही न दुखणारी माणसं असतात, आणि एम.आर.आय. जवळजवळ नॉर्मल असूनही हैराण झालेली माणसं असतात. फायब्रोमायल्जियासारख्या दुखण्याला तर एक्स-रे किंवा रक्ताची अशी एकही तपासणी नाही जी ‘हो’ म्हणेल. तिथे लक्षणं, कालावधी आणि इतर आजार वगळणं यावरच निदान होतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की हिरमुसून परत येऊ नका. विचारा: ‘सर, मग दुखण्याचं कारण काय धरायचं आणि पुढे काय?’ पाय सरळ उचलण्याची तपासणी, ताकद, रिफ्लेक्स, गरज असेल तर नर्व्ह कंडक्शन, हे सगळं केस शीटवर हवं.

एक गोष्ट बोर्डाशी संबंधित नाही, तरी सांगतोच. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लोंबायला लागलं, तर सिक रिपोर्टच्या वेळेची वाट बघू नका. ती इमर्जन्सी आहे, तासातासाने नस मरते.

दिलेला उपचार पूर्ण करा. फिजिओथेरपीला बोलावलं की जा आणि हजेरीची नोंद राहील हे बघा. फॉर्ममध्ये ऑपरेशन किंवा उपचार नाकारला का, नाकारला असल्यास कारण काय, असा प्रश्न असतो. ऑपरेशन नको वाटत असेल तर तो तुमचा हक्क आहे, पण कारण तुमच्या शब्दांत लिहा: किती धोका सांगितला गेला, दुसरा कोणता उपचार घेताय. नुसतं ‘अनविलिंग’ लिहून सही करू नका.

फॉर्म १६ मधलं तुमचं निवेदन

फॉर्मची सुरुवातीची पानं तुमची आहेत. कुठे कुठे सर्व्हिस झाली, दुखणं कधी आणि कुठे सुरू झालं, भरतीच्या आधी होतं का, कुठे उपचार घेतले. मी पाहिलेली सगळ्यात वाईट सवय म्हणजे ही पानं क्लार्ककडून भरून घेणं. क्लार्क मागच्या बोर्डावरून उतरवून काढतो, चुकीची तारीख पुन्हा उतरते आणि खाली तुमची सही असते. आधी कच्च्या कागदावर लिहा, पोस्टिंगच्या यादीशी जुळवा, मग स्वतः भरा. कोऱ्या पानावर सही कधीही नको, कितीही घाई असली तरी.

एक भाग कमांडिंग ऑफिसरचा असतो. तुमची ड्युटी काय होती, तिचा दुखण्याशी संबंध असू शकतो का, अशा स्वरूपाचा. सी.ओ. साहेब नुकतेच आलेले असतील तर तुमची दहा वर्षांपूर्वीची ड्युटी त्यांना माहीत असायचं कारण नाही. कंपनी कमांडरमार्फत पोस्टिंग, ड्युटी आणि दुखापतींचा एक पानी तपशील द्या. यात काही वशिला नाही, ही माहिती त्यांना लागतेच.

बोर्डाच्या दिवशी

नेहमीची औषधं नेहमीसारखी घ्या आणि किती वाजता घेतली ते सांगा. दुखणं जास्त दिसावं म्हणून गोळी टाळू नका, आणि कडक दिसावं म्हणून दोन जास्त घेऊ नका. वाकायला सांगितलं की जितकं जमतं तितकंच वाका. जास्तीचं नाटक डॉक्टरला कळतं, कारण तीच हालचाल बसवून, झोपवून वेगळ्या तऱ्हेने तपासतात, आणि एकदा संशय आला की खरं दुखणंही त्याखाली जातं. त्याहून जास्त नुकसान उलट स्वभावाचं होतं. ‘कैसे हो?’ म्हटलं की तोंडातून आपोआप ‘ठीक हूँ सर’ निघतं. वीस वर्षांची सवय आहे ती. त्या दिवशी तेवढं एक वाक्य गिळा आणि वहीतल्या चार ओळी सांगा.

दुखणी एकाहून जास्त असतील तर सगळी सांगा. कंबर, गुडघा आणि कानात आवाज, हे वेगवेगळे मोजून नंतर एकत्र टक्केवारी काढतात. दुखण्यामुळे झोप गेली, मन खचलं, तर तेही सांगा. बोर्डात एक अध्यक्ष आणि सदस्य असतात, त्यांच्या मतावर वरून मंजुरी यावी लागते, त्यामुळे खोलीत ऐकलेला आकडा अखेरचा धरू नका.

‘नामंजूर’ पत्र आलं तर

पत्राची तारीख पाकिटासकट जपा. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. ते फेटाळलं तर दुसरं अपील, आणि त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. २००७ च्या कायद्याने आलेल्या या ट्रायब्युनलचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अपिलाआधी बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत हातात हवी. रेकॉर्ड ऑफिसला मागा, मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. प्रत आली की बोर्डाने दिलेलं कारण शोधा. अनेकदा तिथे अर्धी ओळ असते. अपिलात त्याच अर्ध्या ओळीला उत्तर द्या: सुरुवात कुठे झाली, कोणती ड्युटी, कोणता कागद. नुसती दुःखाची कहाणी लिहिलेली अपिलं मी परत आलेली पाहिली आहेत.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते. टक्क्यांवर काम करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला मूळ कागद कधीही देऊ नका.

पेटी भरताना

डिस्चार्ज ड्रिलच्या गडबडीत ई.सी.एच.एस.चं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, काम मागे ठेवू नका, कारण घरी आल्यावर फिजिओथेरपी आणि गोळ्या पॉलिक्लिनिकमधूनच सुरू राहणार आहेत. चालू औषधांची चिठ्ठी आणि स्पेशालिस्टचं शेवटचं मत बरोबर घ्या, म्हणजे तिथला डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करणार नाही.

काळ्या पेटीत मेडिकलचे कागद सगळ्यात वर ठेवा, एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, तारखेप्रमाणे. एम.आर.आय.च्या फिल्म घडी न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये, सी.डी. वेगळ्या पाकिटात. प्रत्येक कागदाचे दोन झेरॉक्स आणि मोबाइलवर एक फोटो, तोही घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवलेला. आणि ती चार ओळींची वही टाकू नका. गावी गेल्यावरही लिहीत राहा. अपिलाच्या वेळी किंवा नव्या डॉक्टरसमोर बसाल तेव्हा तीच उघडायची आहे.